पोराने बँड काढलाय आणि पुरावा म्हणून 'क्वीन' दाखवतोय

कोथरूडचा_बाप | शनिवार, रात्री ११:२०

नमस्कार मंडळी. धागा जरा लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

चिरंजीव इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहेत. कॉलेजच्या फिरोदिया करंडकाच्या टीममध्ये गिटार वाजवली तिथवर ठीक होतं. आम्ही दोघंही जाऊन टाळ्या वाजवून आलो. आता त्याच टीममधल्या तिघांना धरून बँड काढलाय. सराव आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये, माझ्या स्कूटरशेजारी. त्यावर सेक्रेटरींचं पत्र आलंय, त्यात 'कर्कश वाद्यवृंद' असा शब्दप्रयोग आहे. हेच सेक्रेटरी गणपतीच्या आधी दीड महिना नदीपात्रात ढोल बडवायला जातात. असो.

खरा मुद्दा पुढे आहे. परवा जेवताना साहेबांनी जाहीर केलं की चौथं वर्ष नंतर बघू, आधी एक वर्ष पूर्णवेळ बँड. मी घास गिळेपर्यंत पुढचं वाक्य तयार होतं. "बाबा, ब्रायन मेने पीएचडी सोडली होती."

मला ब्रायन मे कोण हेच माहीत नव्हतं. तेव्हापासून रोज रात्री वाचतोय. पोराला उत्तर द्यायला थोडा दारूगोळा हाती लागलाय, तो असा: क्वीन हा त्याचा इंग्लिश रॉक बँड, त्यातले चौघेही शिकलेले. गिटारवाला मे लंडनच्या इम्पीरियल कॉलेजचा भौतिकशास्त्राचा पदवीधर. ड्रमवाला रॉजर टेलर दातांचा डॉक्टर व्हायला लंडनला आला, ते सोडलं, पण नंतर जीवशास्त्राची पदवी घेतली. बेसवाला जॉन डीकन इलेक्ट्रॉनिक्समध्ये पहिल्या वर्गात पास. गायक फ्रेडी मर्क्युरीकडे ईलिंगच्या आर्ट कॉलेजचा ग्राफिक डिझाइनचा डिप्लोमा. हा बँड आहे की ज्ञातीच्या गुणवंत विद्यार्थ्यांच्या सत्काराची यादी?

जाणकारांना विचारायचंय ते एवढंच: हे चौघे नेमके जमले कसे, आणि नाव व्हायला किती वर्षं गेली? भांडायला आकडे हवेत.

---

खारी_बिस्कीट | शनिवार, रात्री ११:३१

'कर्कश वाद्यवृंद', हसून हसून पुरेवाट. ते पत्र फ्रेम करून ठेवा. उद्या मुलाचं नाव झालं तर पहिल्या अल्बमला शीर्षक तयार.

---

घाटमाथा | रविवार, सकाळी ७:०५

बाबा, एवढं लंडन-लंडन कशाला करताय? फ्रेडी आपल्या पाचगणीचा. वाई सोडून पसरणीचा घाट चढलात की आलंच.

जन्म १९४६ चा, झांझिबारचा. मूळ नाव फारोख बलसारा, घर पारशी. वयाच्या आठव्या वर्षाच्या सुमाराला त्याला पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत बोर्डिंगला घातलं. पियानो तिथेच शिकला, 'फ्रेडी' हे नावही शाळेतल्या पोरांनीच पाडलेलं. बारा वर्षांचा असताना पाच जणांनी मिळून 'द हेक्टिक्स' नावाचा बँड काढला. शाळेच्या कार्यक्रमात वाजवायचे, क्लिफ रिचर्ड, लिटल रिचर्ड असली गाणी. आणि गंमत ऐका, फ्रेडी त्यात मुख्य गायक नव्हता! तो मागे पियानोवर बसून साथ करायचा. पुढे उभा राहून गायचा तो ब्रूस मरे.

ड्रमवर होता व्हिक्टरी राणा, तो पुढे नेपाळच्या सैन्यात जनरल झाला. गिटारवाला डेरिक ब्रांच इंग्लंडात नट झाला. आणि फरांग इराणी, ज्यांनी पुढे आपल्या पुण्यात बाउंटी सिझलर्स चालवलं. म्हणजे तुमच्यापैकी ज्यांनी तिथे कोबीच्या पानावरचा धूर डोळ्यात घालून घेतलाय, ते फ्रेडी मर्क्युरीच्या पहिल्या बेस वादकाच्या हातचं (निदान हाताखालचं) जेवलेत.

---

कॅम्पातली_मावशी | रविवार, सकाळी ९:४८

घाटमाथा, अगदी! आम्ही ईस्ट स्ट्रीटच्या मागेच राहायचो. लग्नानंतर पहिल्यांदा 'ह्यांच्या'बरोबर सिझलर खाल्लं ते तिथेच, आणि साडीवर सॉस उडाला. गल्ल्यामागच्या माणसाचा फ्रेडीशी काही संबंध आहे हे कळायला मला पन्नाशी गाठावी लागली. चहाच्या खोक्याला काठी आणि दोरी बांधून बेस करत असत म्हणे त्या शाळेच्या बँडमध्ये. आमच्याकडे वाण्याकडून आलेली खोकी नुसती रद्दीसाठी वापरली गेली.

---

बेसूर_बेसिस्ट | रविवार, दुपारी १:१५

घाटमाथा, माहिती बरोबर आहे, पण 'आपला फ्रेडी' म्हणून आपण पुणेकर उगाच कॉलर ताठ करतो. शाळेने पियानो दिला हे खरं. क्वीन मात्र फ्रेडीने उभारलेला नाही. तो आधीच उभ्या असलेल्या मांडवात शिरला. ती गोष्ट नोटीस बोर्डापासून सुरू होते. (इंजिनिअरिंगला बेस वाजवायचो, त्यामुळे बेसिस्टांविषयी हळवा आहे. सांभाळून घ्या.)

१९६८. ब्रायन मे आणि त्याचा गायक-बेसिस्ट मित्र टिम स्टाफेल यांना ड्रमर हवा होता. इम्पीरियल कॉलेजच्या बोर्डावर चिठ्ठी लावली. ती वाचून टेलर आला. बँडचं नाव 'स्माईल'. स्टाफेल आणि फ्रेडी ईलिंगच्या एकाच कॉलेजात, त्यामुळे फ्रेडी यांच्या प्रयोगांना हजर. नुसता हजर नाही, फुकटचे सल्ले! कपडे असे घाला, स्टेजवर तसे उभे राहा. आपल्याकडे तालमीला येऊन 'तुमचा दुसरा अंक पडतोय' सांगणारा एक मित्र असतो, तसा. स्माईलची एक सिंगल (सुट्या गाण्याची रेकॉर्ड) अमेरिकेत निघाली, कुणी विचारलं नाही. १९७० मध्ये स्टाफेल दुसऱ्या बँडमध्ये गेला आणि सल्ले देणाऱ्यालाच लोकांनी माइकसमोर उभं केलं.

आल्या आल्या त्याने नाव बदललं. 'क्वीन' इतरांना पटेना, याने रेटलं. स्वतःचं आडनाव मर्क्युरी केलं. पुढे बोधचिन्हही स्वतः काढलं: टेलर आणि डीकनच्या सिंह राशीचे दोन सिंह, मेच्या कर्केचा खेकडा, स्वतःच्या कन्येच्या दोन पऱ्या. (राशी त्यांच्या पद्धतीच्या, पत्रिका काढत बसू नका.) ग्राफिक डिझाइनचा डिप्लोमा कुठे उपयोगी पडला ते बघा, बाबा.

आता बेसिस्ट. पहिला आला, गेला. दुसरा आला, गेला. तिसरा दोन प्रयोगांत गेला. १९७१ च्या सुरुवातीला चौथा आला तो डीकन, वय १९, सगळ्यांत लहान आणि गप्प. तो राहिला. आपण ज्याला क्वीन म्हणतो तो तेव्हा पुरा झाला.

---

शास्त्रीय_कान | रविवार, दुपारी ४:००

फ्रेडी झांझिबारहून लंडनला गेला कसा हे कुणीच सांगितलं नाही. १९६४ च्या जानेवारीत तिथे क्रांती झाली, बलसारा कुटुंब जीव मुठीत धरून इंग्लंडला आलं आणि लंडनच्या फेल्टम उपनगरात राहिलं. ब्रायन मेचं घरही फेल्टममध्येच, चालत जाण्याच्या अंतरावर. दोघांना एकमेकांचा पत्ता नाही! योग यायला लागतो.

---

कोथरूडचा_बाप | रविवार, रात्री १०:१०

बेसूर, मनापासून आभार. हे सगळं मी पोराला वाचून दाखवायला गेलो तर 'बाबा, हे मला सातवीपासून माहितीये' असं उत्तर मिळालं.

पण १९७१ ला चौघे जमले, मग पोटापाण्याचं काय? मला त्यातच रस आहे. आमच्याकडे सध्या गिटारच्या तारांचा खर्च माझ्या खात्यातून होतो.

---

बेसूर_बेसिस्ट | सोमवार, रात्री १२:४०

पोटापाण्याचं असं. फ्रेडी आणि टेलर यांनी केन्सिंग्टन मार्केटमध्ये जुन्या कपड्यांचा गाळा थाटला होता. मे संशोधन करता करता ब्रिक्स्टनच्या शाळेत गणित शिकवायचा. डीकनचं कॉलेज चालूच. आणि मेच्या पीएचडीबद्दल मुलाने अर्धंच सांगितलंय. विषय होता सूर्यमालेतल्या धुळीचा, आणि त्यातला एक शोधनिबंध १९७२ मध्ये 'नेचर'मध्ये छापून आला. 'नेचर'मध्ये! १९७४ च्या सुमाराला प्रबंध बाजूला ठेवला तेव्हा तो बऱ्यापैकी लिहून झाला होता.

रेकॉर्डिंगला पैसे नव्हते, तर कसं केलं बघा. डी लेन ली नावाच्या स्टुडिओला वेम्बलीतल्या नव्या जागेत आवाज एका खोलीतून दुसरीत झिरपतो का ते तपासायचं होतं. त्यासाठी मोठ्याने वाजवणारं कुणीतरी हवं होतं. हे गेले, जोरजोरात वाजवलं आणि बदल्यात फुकट डेमो (नमुन्याचं रेकॉर्डिंग) करून घेतला. तुमच्या सेक्रेटरींना सांगा, कर्कशपणालाही गिऱ्हाईक असतं.

मग १९७२ मध्ये ट्रायडेंट स्टुडिओशी करार. करार कसला? बडे कलाकार घरी गेले की उरलेल्या वेळात, म्हणजे रात्री-अपरात्री, यांनी रेकॉर्ड करायचं. पहिला अल्बम १३ जुलै १९७३ ला आला. आधी काढलेली सिंगल विक्रीच्या यादीत लागलीच नाही. १९७४ च्या फेब्रुवारीत टीव्हीवर 'टॉप ऑफ द पॉप्स'मध्ये अचानक जागा रिकामी झाली, यांना बोलावलं, आणि त्यातून 'सेव्हन सीज ऑफ राय' हे गाणं दहाव्या क्रमांकापर्यंत गेलं. त्याच वर्षी अमेरिकेचा पहिला दौरा, तोही 'मॉट द हूपल' या दुसऱ्या बँडच्या आधी वाजवणारे म्हणून. ब्रायन मे याला कावीळ झाली, अर्ध्यातून परत. त्या शरद ऋतूत 'किलर क्वीन' दुसऱ्या क्रमांकावर.

आणि एवढं होऊनही हातात काय? गाणी यादीत वर, खिसा रिकामा. कराराप्रमाणे यांना आठवड्याचा पगार मिळायचा, कमाई कंपनीची. डीकनला घरासाठी उचल मागितली तर मिळाली नाही. १९७५ मध्ये ट्रायडेंटमधून सुटायला उलट यांनाच पैसे मोजावे लागले. माझं ऐकाल तर मुलाला चौथं वर्ष करायला लावण्यापेक्षा करार वाचायला शिकवा. आमच्या बँडने एका आयोजकासाठी सहा कार्यक्रम केले. मानधन म्हणून वडापाव आणि 'एक्स्पोजर' मिळालं. बेस गेली नऊ वर्षं माळ्यावर आहे.

---

तापकीर_गल्ली | सोमवार, सकाळी ११:२२

वाचनमात्र होतो, पण आता राहवत नाही. तुम्ही सगळे वर्षं आणि क्रमांक मोजताय, वाद्याबद्दल कुणी बोलेना.

मेकडे गिटार घ्यायला पैसे नव्हते म्हणून १९६३ मध्ये त्याने आणि वडिलांनी घरीच बनवायला घेतली. दोन वर्षं लागली. मानेला लाकूड जुन्या शेकोटीच्या फळीचं. त्यात किडीची भोकं होती, ती काडेपेटीच्या काड्या घालून बुजवली. स्प्रिंगा १९२८ च्या पँथर मोटारसायकलच्या. स्वर हलवायच्या दांड्याचं टोक म्हणजे आईची विणकामाची सुई. पट्टीवरचे ठिपके म्हणजे आईच्या शिवणाच्या डब्यातली शिंपल्याची बटणं. वाजवतो प्लास्टिकच्या पिकने नाही, सहा पेनीच्या नाण्याने. आणि आयुष्यभर हीच गिटार.

डीकनही तसलाच. कचऱ्याच्या डब्यात एक सर्किट दिसलं, उचललं, जुन्या स्पीकरच्या खोक्यात बसवलं, ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा बारका अँप (अँप्लिफायर) झाला. क्वीनच्या रेकॉर्डवर गिटार जिथे सनई-व्हायोलिनसारखी भरून येते ना, तिथे बऱ्याचदा हे खोकं आहे. आमच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या गल्लीत असली पोरं रोज येतात. दहा रुपयांचा ट्रान्झिस्टर घ्यायचा आणि तासभर डोकं खायचं. मी कधी हाकलत नाही.

कोथरूडचे बाबा, तुम्ही मेकॅनिकलवाले ना? रविवारी मुलाला घेऊन जुन्या बाजारात चक्कर मारा. बाकीचं सोडा.

---

शास्त्रीय_कान | सोमवार, रात्री ९:१५

तापकीर, हा प्रतिसाद या धाग्याचा कळस.

मी सवाईला वर्षानुवर्षं भारतीय बैठकीत मांडी घालून बसणारी. रॉक म्हटलं की कान झाकणारी. भाच्याने हट्टाने क्वीनचं 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' ऐकवलं. पहिल्यांदा वाटलं चार गाणी चुकून एकाला एक चिकटलीत. संथ सुरुवात, मग ऑपेरा, मध्येच 'बिस्मिल्ला', मग दणका, मग परत संथ. मुखडा परत येतच नाही. आपल्याला समेवर यायची सवय, इथे सम कुठे शोधायची?

तिसऱ्यांदा ऐकल्यावर लक्षात आलं की ते कोरस म्हणजे तिघांचेच आवाज आहेत: मर्क्युरी, मे, टेलर. वरचा किंचाळीसारखा स्वर ड्रमवाल्या टेलरचा. २४ ट्रॅकच्या टेपवर एकावर एक असे जवळपास १८० थर चढवले, टेप इतक्यांदा फिरली की तिच्यावरचा थर झिजून आरपार दिसायला लागली. आज संगणकावर शाळकरी पोरगंही हे करेल. पण तेव्हा तिघांनी दिवसाला दहा-दहा तास तोच तोच स्वर लावलेला आहे. रियाज म्हणतात तो हाच. एवढं मी मान्य केलं. दणका अजूनही आवडत नाही, हे माझं वैयक्तिक मत.

---

बेसूर_बेसिस्ट | सोमवार, रात्री ११:०२

आणि ते गाणं ५ मिनिटं ५५ सेकंदांचं! रेडिओवर एवढं लांब कोण लावणार म्हणून कंपनी कापा म्हणत होती. केनी एव्हरेट नावाच्या रेडिओवाल्याला आधीच एक प्रत दिली होती. 'वाजवू नकोस हं' असं डोळा मारून सांगितलेलं. त्याने शनिवार-रविवारात १४ वेळा वाजवलं. सोमवारी लोक दुकानात, रेकॉर्ड अजून बाजारात नाही. ३१ ऑक्टोबर १९७५ ला आली आणि मग इंग्लंडात सलग ९ आठवडे पहिल्या क्रमांकावर. दौऱ्यामुळे टीव्हीवर जाता येणार नव्हतं म्हणून काही तासांत एक व्हिडिओ काढून पाठवला, तोही गाजला.

बाबा, तुमचा आकडा: स्माईलपासून धरलं तर सात वर्षं, क्वीन नावापासून पाच. १९८५ चा 'लाइव्ह एड' हा मदतनिधीचा जलसा, वेम्बली, क्वीनची ती वीस मिनिटं, सगळ्यांना माहीत आहेत म्हणून सांगत नाही. फक्त तारीख बघा: १३ जुलै. पहिला अल्बम आला त्याच तारखेला, बरोबर बारा वर्षांनी. एक तप.

---

आईच_मी | मंगळवार, दुपारी २:३०

सगळं छान चाललंय, पण कुणीतरी वाईटपणा घ्यायला हवा म्हणून घेते. त्या बोर्डावर १९६८ साली आणखीही चिठ्ठ्या असतील. त्या बँडांची नावं आपल्याला माहीत नाहीत, कारण त्यांच्यावर कुणी धागे काढत नाही. पुण्यातून 'अग्नी' बँड देशभर पोचला, २०१० पासून एनएच७ वीकेंडर हा संगीत महोत्सव आपल्या दारात सुरू झाला, हे सगळं खरं. पण माझ्या भावाच्या बँडमधले चारपैकी तीन आज हिंजवडीत आहेत आणि चौथा गिटारचे क्लास घेतो. चौघांपैकी सुखी कोण, यावर आमच्याकडे दर दिवाळीला वाद होतो आणि निकाल लागत नाही.

---

घाटमाथा | मंगळवार, संध्याकाळी ६:१९

आईच_मी +१. तरी बाबांना एक गोष्ट सांगतो, ती मे आणि त्याच्या वडिलांची. ज्यांनी गिटार बनवायला दोन वर्षं मदत केली, त्याच वडिलांना मुलाने पीएचडी सोडून तीच गिटार वाजवत फिरणं मुळीच पटलं नाही. बराच काळ नीट बोलणं नव्हतं. वडील इलेक्ट्रॉनिक्समधले, कॉन्कॉर्ड विमानाच्या यंत्रणेवर काम केलेलं, पण त्यात बसायचा योग कधी आला नव्हता. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनला क्वीनचा प्रयोग होता तेव्हा मेने त्यांना कॉन्कॉर्डनेच नेलं. प्रयोगानंतर ते म्हणाले की आता मला कळलं.

आणि मेने पीएचडी पुरी केली. २००७ मध्ये, साठीला. त्याच इम्पीरियलमधून, त्याच धुळीवर.

---

खारी_बिस्कीट | मंगळवार, संध्याकाळी ६:२५

म्हणजे मुलगा म्हणेल, 'बाबा, मीही साठीला चौथं वर्ष देतो.' घाटमाथा, तुम्ही नेमके कुणाच्या बाजूने आहात?

---

कोथरूडचा_बाप | रविवार, रात्री ९:५५

मंडळी, उशिरा येतोय. सगळ्यांचे आभार, अगदी खारीचेही.

अपडेट असा. शेवटी भांडण झालंच नाही. सकाळी तापकीर_गल्लींचं ऐकून जुन्या बाजारात गेलो. पँथर मोटारसायकल मिळाली नाही, पण लुनाच्या दोन स्प्रिंगा आणि एक शिसवी फळी घेऊन आलो. तीस वर्षांनी कानसीला हात लावला. पोरगं फळी तपासत असताना सहज विचारलं, मेच्या वडिलांची गोष्ट माहितीये का? 'कॉन्कॉर्डची? हो.' पुढे बराच वेळ दोघंही घासत होतो. मग तोच म्हणाला, चौथ्या वर्षाचा फॉर्म भरतो, पण कॅम्पस प्लेसमेंटला बसणार नाही. बायकोचं मत यात अजून घ्यायचंय, ते सोपं नाही.

सेक्रेटरींकडे मिटिंग झाली. रविवारी चार ते सहा परवानगी. अट: गणपतीत आरतीला साथ करायची. पोरांनी लगेच मान्य केलं. आता 'घालीन लोटांगण'ला ड्रम कसे वाजणार या काळजीत सेक्रेटरी आहेत.

एक अडचण आलीये. त्यांचा बेसिस्ट काल बँड सोडून गेला, बंगळुरूला इंटर्नशिप मिळाली म्हणून. कुणाच्या ओळखीत बेस वाजवणारं कुणी असेल तर व्यक्तिगत निरोप करा. कोथरूड, कर्वेनगर, वारजे चालेल. स्वतःचा अँप असल्यास उत्तम, नसल्यास आम्ही बनवायला घेतोय.

---

बेसूर_बेसिस्ट | रविवार, रात्री १०:०१

वय ४१ चालेल का?

---

कोथरूडचा_बाप | रविवार, रात्री १०:०४

पोराला विचारून सांगतो. माळ्यावरून आधी काढून तरी ठेवा.